बाळासोंच्या पायताणाची करकर

दहिवडीच्या बाजारपेठेत माझं दुकान आहे. पाटीवर मोठ्या अक्षरात 'पादत्राणे' लिहिलंय, पण तो शब्द तोंडानं उच्चारत आजवर एकही गिऱ्हाईक माझी पायरी चढलेलं नाही. म्हाताऱ्यांना पायताण पाहिजे असतं, बायकांना चपला, आणि पोरांना काय पाहिजे असतं ते दर चार वर्षांनी बदलतं. मी शाळेत कवायतीला पांढरे बूट घालायचो, ते कॅनव्हास. सुट्टीवर आलेले जवान तपकिरी बूट घालून गावभर हिंडायचे, ते पीटी. मग सगळ्यांनाच स्पोर्ट म्हणायची टूम निघाली. भरतीसाठी पहाटे डांबरी सडकेवर पळणारी पोरं अजूनही येऊन 'स्पोर्ट दावा' म्हणतात. आणि आता कॉलेजची मंडळी फोनमधला फोटो पुढं करून विचारतात, "काका, स्निकर आहेत का?" वस्तू तीच. वर कापड, खाली रबर. बारसं मात्र दर वेळी नवं.

स्निकर म्हणजे काय, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. विकणाऱ्यानं शब्दाच्या अर्थात शिरू नये, खोक्यावरचा नंबर बघावा आणि मोकळं व्हावं, असं माझं मत होतं. ते मत बाळासोंमुळं बदललं. फार उशिरा बदललं, म्हणून तर हे लिहायला बसलोय.

बाळासो दहिवडीपासून आठ-नऊ किलोमीटरवर, माळावरच्या सहा घरांच्या वस्तीत राहतात. जातीचे धनगर. वय पंच्याहत्तरच्या आसपास, उंच, काटक, आणि अबोल. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत म्हणतात, ते बाळासोंकडं बघूनच कुणीतरी म्हटलं असावं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचे, उंब्रजच्या बाजूला उसाच्या रानात मेंढरं बसवायचे आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचे. सहा-सात महिने बाहेर. वाटेत किती पाऊस झाला, किती कोकरं दगावली, कोण कसं वागलं, यातलं काही विचारलं तरी उत्तर एकच, "चाललंय."

पण बाळासो येताहेत हे सगळ्यांना आधी कळायचं, कारण त्यांचं पायताण बोलायचं.

ते पायताण माझ्या वडलांनी केलेलं. नाथाजी त्यांचं नाव, आणि या भागातल्या मेंढपाळांच्या पायांचा त्यांना जेवढा अभ्यास होता तेवढा कुठल्या डॉक्टरला नसेल. नवीन माणूस आला की आधी त्याला दुकानासमोर दहा पावलं चालायला लावायचे. टाच आधी पडते का चवडा, कुठल्या पायावर भार जास्त, हे बघायचे. मग तळाच्या दोन थरांच्या मध्ये चामड्याच्या पातळ कापट्या घालायचे. त्या केवढ्या कापायच्या, किती भिजवायच्या, टाका कुठं सैल सोडायचा, हे त्यांच्या बोटांनाच माहीत. पाऊल पडलं की थरांवर थर घासायचे आणि पायताण करकरायचं. प्रत्येकाची करकर वेगळी. रानात साप-किरडू बाजूला व्हावं म्हणून ती लागते, असं लोक सांगायचे. वडील म्हणायचे, "सापाचं निमित्त रं. मानसाला वाटतं, आपुन आलो ह्ये कुनालातरी कळावं."

बाळासोंचा डावा पाय जरा जड पडायचा. त्यामुळं त्यांची करकर डावीकडं लांब आणि उजवीकडं तोकडी होती. मी लहान असताना वडलांना आतून ओरडून सांगायचो, बाळासोतात्या आले, आणि ते अजून कोपऱ्यावरही आलेले नसायचे.

हरणाबाई त्यांची बायको. त्यांच्या पिढीची रीत अशी की नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि नवऱ्यानंही बायकोला नावानं हाक मारायची नाही. मग सहा महिन्यांनी घरी आलेल्या माणसानं दारात उभं राहून करायचं काय? बाळासो काहीच करायचे नाहीत. चालत यायचे. करकर अंगणात आली की आतून हरणाबाई म्हणायच्या, "आलासा?" आणि बाळासो म्हणायचे, "आलो." पन्नास वर्षं त्या घरात एवढंच बोलणं झालं असेल, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. त्यानंतर ते जेवायचे आणि ते जेवले की त्या जेवायच्या.

पुढचं सगळं मला त्यांच्या शेजारच्या मायानं सांगितलं. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण मी तरी कुठं विचारलं होतं?

तीन वर्षांपूर्वी हरणाबाईंचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेले, आणि पाठोपाठ आठवणही पातळ व्हायला लागली. बाळासोंनी मेंढरं विकली. एवढा कळप गेला त्या दिवशी त्यांनी फक्त म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली पितळी घंटा काढून घेतली आणि घरातल्या खुंटीला अडकवली. मुलगा मल्हार मुंबईला बाजार समितीत हमाली करतो. तो म्हणाला, दोघं इकडं या. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं आधीच. बाळासो गेले नाहीत.

त्यात त्यांची टाच दुखायला लागली. हाड वाढलंय, मऊ बूट घाला, असं डॉक्टरनं सांगितलं. मल्हार गणपतीला आला तेव्हा करड्या रंगाचे, हिरव्या पट्ट्याचे बूट घेऊन आला. चांगला मुलगा आहे तो, यात त्याची काही चूक नाही. बाळासोंनी ते घातले, वस्तीला एक चक्कर मारली आणि मायाला म्हणाले, "कापसावर चालल्यागत वाटतंय." दुखणाऱ्या टाचेला इतक्या दिवसांनी आराम पडला होता.

चक्कर मारून ते घरात गेले आणि हरणाबाईंच्या खाटेजवळ जाऊन उभे राहिले. आपल्याजवळ कुणीतरी उभं आहे हे हरणाबाईंना कळलं, पण येताना काही ऐकू आलं नव्हतं. त्या किंचाळल्या, "चोर! चोर शिरलाय घरात!"

शेजारचे काठ्या घेऊन धावले. बघतात तर बाळासो! वस्ती दिवसभर हसत होती. म्हाताऱ्यानं म्हातारपणी आपल्याच घरात चोरी केली म्हणून. बाळासोही हसले म्हणे. पण दुसऱ्या दिवशी तेच झालं आणि तिसऱ्या दिवशीही, तेव्हा कुणी हसलं नाही. बाळासो म्हणाले, "मीच हाय गं." त्यावर हरणाबाई म्हणाल्या, "मालकाचा आवाज काढू नगंस. मालक रानात गेल्यात." आवाजाचंही बरोबरच आहे. त्या माणसाचा आवाज त्यांनी ऐकला होता किती! त्यांच्या लेखी नवरा म्हणजे आधी करकर, मग माणूस.

मालक लांब मुलखात असले की त्या जेवायच्या, पण नुसते रानात गेलेत, आत्ता येतील, तर आधी जेवायचं कसं? आठवण पातळ झाली तरी तेवढी रीत पक्की होती. मायानं भाकरी कुस्करून आणली, लेकीसारखं समजावलं. हरणाबाईंनी तोंड फिरवलं. मालक आल्याशिवाय घास उतरायचा नाही.

बाळासोंनी यावर स्वतःच उपाय काढला. बाहेर मल्हारचे बूट घालायचे. उंबऱ्याच्या आत जुनं पायताण ठेवलेलं असायचं. दारात बूट काढायचे, पायताणात पाय घालायचे आणि टाच दुखत असली आणि घरात पायताण घालायची रीत नसली तरी दारापासून खाटेपर्यंतची अकरा पावलं करकरत जायचं. "आलासा?" "आलो." मग ताट पुढं ओढायचं, आपण दोन घास खायचे आणि तिला भरवायचं. दोन वेळा अकरा-अकरा पावलं. दीड वर्ष हे चाललं होतं आणि आम्हाला बाजारात याचा पत्ता नव्हता.

परवाच्या माघात त्या पायताणाचा तळ सुटला. बाजाराच्या दिवशी बाळासो ते पिशवीत घालून माझ्याकडं आले आणि म्हणाले, "एवढं नीट कर."

मला भरून आलं. वडलांच्या हातचं पायताण कितीतरी वर्षांनी दुकानात परत आलं होतं. मी ठरवलं, म्हाताऱ्याला असं काम करून द्यायचं की पुन्हा बघायला नको. "ठेवून जावा तात्या, उद्या या," म्हणालो. मग मी ते सगळं उसवलं. आतल्या कापट्या कुजून काळ्या पडल्या होत्या, त्या फेकल्या. नवा तळ, त्याखाली टायरचं रबर, मध्ये भरपूर सोल्युशन, वरून मशीनची शिलाई. वडलांना मशीन मिळालं असतं तर त्यांनी हेच केलं असतं, असंही मनाशी म्हणालो. माणूस स्वतःवर खूश झाला की मेलेल्या बापालाही साक्षीला आणतो.

दुसऱ्या दिवशी बाळासोंनी ते घातलं. दुकानात चार पावलं चालले आणि थांबले. पुन्हा चार पावलं चालले. खाली वाकून तळ बघितला.

"वाजत न्हाई रं," ते म्हणाले.

मी हसलो. "आवं तात्या, वाजवून करायचंय काय? ह्या वयात नाचायचंय व्हय?"

ते हसले नाहीत. "आतल्या कापट्या कुटं हायती?"

"त्या? सकाळच्या घंटागाडीत गेल्या की."

ते खाली बसले. मग "बरं" म्हणाले, पायताण काढून पिशवीत घातलं, मल्हारचे बूट चढवले. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला नंबर काढून दिला आणि मान वर केली, तर बाळासो नव्हते. पायरी उतरल्याचंसुद्धा ऐकू आलं नाही.

संध्याकाळी जेवताना मी हे घरी रंगवून सांगितलं. माझी मुलगी सोनिया इंग्रजी शाळेत शिकवते. ती हसेल असं वाटलं होतं, पण ती विचारात पडली. मी म्हणालो, "बरं, ते स्निकर म्हणजे काय गं? एवढं शिकलीस, सांग तरी." तिनं फोनमध्ये शोधून वाचून दाखवलं. इंग्रजीत त्या शब्दाच्या मुळाशी चोरपावलांनी जाणं आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रबरी तळाचे बूट निघाले. चामड्याचे बूट फरशीवर टाकटाक वाजायचे, हे वाजेनात, कुणाच्याही मागं जाऊन उभं राहता येऊ लागलं, म्हणून लोकांनी हे नाव पाडलं. त्याच्याही आधी विलायतेतल्या तुरुंगात पहारा करणाऱ्या बाया रबरी जोडे घालायच्या, कैद्यांना चाहूल लागू नये म्हणून. तुरुंगात त्या जोड्यांना जवळपास याच नावानं ओळखायचे.

"म्हणजे चोराचे बूट," मी म्हणालो.

"चाहूल न देणारे," सोनिया म्हणाली. "बाबा, त्या आजोबांना वाजणारंच का पाहिजे होतं?"

मला माहीत नव्हतं. तीस वर्षं मी चाहूल न देणारे बूट विकत होतो, तेही माहीत नव्हतं.

ते कळलं चौथ्या दिवशी. माया दहिवडीला आली होती, ती तणतणतच दुकानात शिरली. "काय करून ठिवलंसा काका? म्हातारी तीन दिस जेवली न्हाई. पानी तेवढं घेतीया. मालक आल्यावर जेवते म्हनती." आणि मग तिनं वर लिहिलेलं सगळं सांगितलं. मी खुर्चीत बसून ऐकलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून सोडून देण्यासारखं हे नव्हतं. एक म्हातारी उपाशी होती आणि तिच्या तोंडचा घास मी घंटागाडीत टाकला होता.

वडलांची हत्यारांची पेटी मी माळ्यावरून काढली. चामडं कापायच्या रापीला गंज चढला होता, आरीची मूठ निखळली होती. चामडं आणलं, कापट्या कापल्या, भिजवल्या, घातल्या. वाजेना. उसवलं, पुन्हा केलं. वाजेना. लहानपणी वडील "बस जरा हितं, बघ" म्हणायचे तेव्हा मी क्रिकेट खेळायला पळायचो, कॅनव्हास घालून. दोन दिवसांनी कसाबसा एक आवाज निघाला. सोनियानं घालून बघितलं आणि म्हणाली, "दार कुरकुरल्यासारखं वाटतंय." मी म्हणालो, चालेल. न चालून करतो काय?

दुपार कलताना स्कूटरवरून वस्तीवर गेलो. बाळासो दारात बसले होते. पाच-सहा दिवसांत माणूस निम्मा झाला होता. मी पायताण पुढं केलं आणि माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच हातानं राहू दे अशी खूण केली. पायताण घातलं, उंबरा ओलांडला आणि आत निघाले. मी दारात उभा राहून पावलं मोजली. त्या अकरा पावलांत मला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही.

हरणाबाईंनी मान वळवली. मुटकुळं करून पडलेली एवढीशी म्हातारी. त्यांनी नीट कान दिला. बराच वेळ दिला.

"कोन पावनं म्हनायचं?" त्या म्हणाल्या. "बसा. मालक रानात गेल्यात."

बाळासो वळले. मग माघारी आले, माझ्याकडं न बघता पायताण काढलं आणि खुंटीवरची पितळी घंटा घेतली. अंगणात बसून ती त्यांनी मल्हारच्या एका बुटाच्या नाडीला बांधली. गाठ मारायला मी मदतीला वाकलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." बूट घातले, पार सडकेपर्यंत चालत गेले आणि तिकडून परत घराकडं यायला लागले. घंटेचा आवाज लांबून येत येत अंगणात आला.

आत खाट करकरली. हरणाबाई उठून बसल्या होत्या, कुणाच्या आधाराशिवाय. तोंडावर हसू होतं. तेव्हा मला वाटलं, जमलं! म्हाताऱ्यानं माझी लाज राखली.

"मेंढरं आली!" त्या म्हणाल्या. "आली गं बाई मेंढरं!"

बाळासो खाटेपाशी पोचले. घंटा थांबली.

"मेंढरं आली, मग मालक कुटं हायती?" हरणाबाई हवेत हात फिरवत विचारू लागल्या. "मेंढरामागं कोन हाय? अवं पावनं, मालक दिसत्यात का?"

मी बाळासोंकडं बघितलं. मी हा माणूस लहानपणापासून बघत आलोय, मेंढरं विकली त्या दिवशीही बघितलाय. पण इतकं एकटं मी कुणालाच कधी पाहिलं नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोपासून हातभर अंतरावर ते उभे होते आणि तिथं नव्हते.

"येत्यात," शेवटी ते म्हणाले. "मागं ऱ्हायल्यात जरा. तवर दोन घास खाऊन घे."

"मालक जेवल्याबिगर?" हरणाबाईंना ते ऐकूनच नवल वाटलं. मग त्यांनी पदर सारखा केला. "तुमी आता निगा पावनं. त्यांची यायची येळ झाली. परका मानूस घरात बघून त्यास्नी बरं वाटायचं न्हाई."

बाळासोंनी खाली बसून घंटा सोडली आणि मुठीत धरली, म्हणजे जाताना वाजू नये. मग अकरा पावलं बाहेर आले आणि उंबऱ्याबाहेर पायरीवर बसले. मी शेजारी बसलो. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, ती मी पुसलीही नाही. समोर माळ होता, कुठं एक मेंढरू नव्हतं.

थोड्या वेळानं आतून हाक आली.

"कोन हाय का भायेर?"

"हाय," बाळासो म्हणाले.

"मालक वाटंत भेटलं तर सांगा, म्हनावं भाकरी झाकून ठिवलीया. म्या बी जेवली न्हाई अजून."

बाळासोंनी पायातल्या बुटांकडं बघितलं.

"सांगतो," ते म्हणाले.